नवा डबा घेऊ नकोस, आधी सबटायटल बंद कर

अगं, नवीन नॅस, म्हणजे सिनेमे साठवायचा तो नेटवर्कवरचा डबा, घ्यायचा विचार आधी डोक्यातून काढ. आणि इंटरनेटचा वरचा प्लॅन घ्यायचाही. फोनवर गोड बोलून तो कुणीही गळ्यात मारेल, पण नॅसवरचा सिनेमा घराबाहेर जातच नाही. मीटरकास्टमधून, म्हणजे दाराशी असलेल्या मीटरांच्या कपाटातून निघतो, टीव्हीवर येतो. अडतो तोही तेवढ्यातच कुठेतरी.

तू म्हणालीस, लग्नाचा व्हिडिओही थांबतो आणि बाबांच्या डीव्हीडींवरून उतरवलेले मराठी सिनेमेही. ही दोन दुखणी वेगळी आहेत हं.

डीव्हीडीला सेकंदाला फार तर १० मेगाबिट लागतात. एवढं तर बिचारं वाय-फाय सहज ओढतं. मला विचारशील तर खोड सबटायटलची आहे. लेक डच शाळेत वाढलेली, मराठी विनोद तिला खाली इंग्रजीत वाचावे लागतात, म्हणून तुझी सबटायटलं कायम चालू. पण डीव्हीडीवरची सबटायटलं ही अक्षरं नसतातच, छोटी छोटी चित्रं असतात. बऱ्याच टीव्हींना ती दाखवता येत नाहीत. मग नॅस बसतो प्रत्येक फ्रेमवर ती चिकटवून अख्खा सिनेमा नव्याने तयार करत. त्याचा प्रोसेसर तो केवढासा! दमतो, आणि तुझ्या पडद्यावर गोल फिरायला लागतं. सबटायटल बंद करून पाच मिनिटं बघ. सुरळीत चाललं तर चोर सापडला. नॅसवरून सिनेमे दाखवणाऱ्या प्लेक्स किंवा जेलीफिनच्या डॅशबोर्डवर तेव्हा ‘ट्रान्सकोड’ दिसत असेल; आपल्याला हवं ‘डायरेक्ट प्ले’. त्या सिनेमाच्या सबटायटलची एसआरटी फाइल मिळव आणि सिनेमाच्याच नावाने शेजारी ठेव. ती साधी अक्षरं असतात, बहुतेक टीव्ही स्वतःच दाखवतात.

लग्नाचा व्हिडिओ मात्र खरोखर जड आहे. दादाने आयफोनवर ४के, ६० फ्रेमने काढलाय. मिनिटाला सुमारे ४०० एमबी, म्हणजे सेकंदाला पन्नासेक मेगाबिट. तुझा राउटर दाराशी, वीज-गॅस-पाण्याच्या मीटरांच्या गर्दीत, आणि टीव्ही वर, आईबाबांसाठी केलेल्या खोलीत. मध्ये सळया घातलेला काँक्रीटचा स्लॅब. (गंमत बघ, वाय-फायची पाळंमुळं याच देशात, न्यूवेखाइनच्या एनसीआर कंपनीत. तिथल्याच विक हेज यांच्या अध्यक्षतेखाली १९९७ साली पहिलं मानक आलं. पण डच स्लॅबपुढे त्यांचाही इलाज नाही.)

लॅपटॉप केबलने राउटरला जोड आणि तोच व्हिडिओ लाव. तिथे न अडखळता चालला तर नॅस निर्दोष, दोष वरच्या वाय-फायचा. नॅस स्वतः तरी राउटरला केबलनेच जोडलाय ना? दोन्ही टोकं वाय-फायवर असली की तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो.

मग सरळ कॅट-५ई केबल जिन्याच्या कडेने वर ने, प्लास्टिकच्या पट्टीत झाकून. १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट देते. घरात पडलेली जुनी केबल वापरू नकोस. आठपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या तर ती १०० मेगाबिटवर अडकते. शिवाय बऱ्याच टीव्हींचं केबलचं पोर्टच १०० चं असतं, महागड्या टीव्हींचंसुद्धा! लग्नाला तेवढं पुरतं. ४के ब्लू-रेची प्रत मात्र १०० च्या वर जाऊ शकते, तिला पुरणार नाही. भावजींना तसले सिनेमे बघायचे असतील तर त्या केबलला वरच एक ॲक्सेस पॉइंट लावा आणि टीव्ही त्याच्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर ठेवा.

आईबाबा डिसेंबरात येताहेत. त्याआधी एका शनिवारी केबल टाकून घे, आणि नॅसला हात लावू नकोस. तो चांगला आहे.