यंत्रयुग आणि आपला डोंगराळ मुलूख

जेम्स वॉट यांनी 1769 साली सुधारित वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. पुढे माणसाच्या व जनावरांच्या बळावर होणारी अनेक कामे यंत्रांकडे गेली. हीच औद्योगिक क्रांती. तिचा उदय इंग्लंडात झाला. तथापि तिने उमरठ, पोलादपूर व महाड परिसराचे जीवनही बदलले.

वाहतूक : 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर–ठाणे ही 34 किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. महाड तालुक्यातील वीरपर्यंत रेल्वे आली ती 1993 साली, म्हणजे तब्बल 140 वर्षांनी. दरम्यानच्या काळात कोकणवासीयांना आगबोटीचा मोठा आधार होता. 24 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, ते दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. धरमतरचा मार्ग जवळचा होता. परंतु तेथील मोटारवाले बहिष्कार घालतील, ही शक्यता होती. म्हणून दासगावहून महाडपर्यंत पायी जाणे त्यांनी पत्करले. मोटार आली, तरी तीत बसू देणे न देणे माणसांच्याच हाती होते.

संदेशवहन : 1855 साली तारसेवा सर्वसामान्यांस खुली झाली आणि 1880 साली मनीऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या चाकरमान्याची कमाई पोस्टमनच्या हस्ते गावच्या उंबरठ्यापर्यंत येऊ लागली.

श्रम : 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची स्थापना केली. गावकीच्या बंधनांतून सुटून रोख वेतन मिळविण्याची वाट दलितांना दिसली. मात्र अधिक पगाराचे विणाई खाते त्यांना बंद राहिले. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांस त्यात विटाळ वाटे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला.

यंत्रांनी उत्पादन वाढविले. श्रमिकांचे हक्क मात्र झगडूनच मिळवावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आठ तासांच्या कामाचा आग्रह धरला गेला आणि 1946 साली कायद्याने आठवड्याचे 54 तास 48 वर आले.

आज संगणक व भ्रमणध्वनी नवे बदल घडवीत आहेत. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नवे यंत्र हाताळण्याचे कौशल्य अवश्य मिळवावे. त्याचबरोबर त्या यंत्राचा लाभ कोणाला मिळतो व कोण वंचित राहतो, हा प्रश्न विचारण्याचे धैर्यही अंगी बाणवावे.