मूठ एका मुलखाची, पाते दुसऱ्याचे

धानोरा परिसरातील एखाद्या घरी दसऱ्याला पूजली जाणारी जुनी तलवार 1858 च्या उठावाशी, म्हणजे त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांच्याशी, जोडण्याचा मोह स्वाभाविक असतो. परंतु या मुलखात त्याआधी गोंड राजांचे शिपाई, नंतर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि मे 1818 मध्ये चांद्याचा किल्ला घेणारे कंपनीचे सैन्य वावरले असल्यामुळे, शस्त्र कोठे सापडले एवढ्यावरून त्याचा धनी ठरत नाही.

सर्वांत घातक घाई मूठ पाहून निर्णय देण्याची. हिंदुस्थानी तलवारीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा निमुळता भाग, लाख-राळेच्या मिश्रणाने बसवलेली असते आणि ते तापवताच पाते सुटते. म्हणून शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारा कारागीर, जुन्या मुठीवर नवे पाते सहज चढवीत असे. युरोपीय पाते व देशी मूठ असलेल्या अशाच शस्त्राला फिरंग म्हणत. ब्रिटिशांच्या 1796 च्या नमुन्याच्या हलक्या घोडदळी तलवारीचे, टोकाकडे रुंदावणारे, बाकदार, लांब पन्हळ असलेले पातेही देशी मुठीत आढळते. त्याच्या पाठीवर, म्हणजे बोथट कडेवर, क्वचित ‘रुंकेल, झोलिंगेन’ अशी अक्षरे दिसतात. झोलिंगेन हे जर्मन शहर असले तरी रुंकेल हा व्यापारी ब्रिटनला माल पुरवीत असल्याने शस्त्र जर्मन सैनिकाचे ठरत नाही. शिवाय नामांकित युरोपीय खुणांची नक्कल येथील लोहारही करीत, हे विसरणारा जाणकार फारच भाबडा म्हणावा लागेल.

चिंच, विटकरीची पूड किंवा आम्ल लावून पाते चकचकीत केल्यास हीच अक्षरे, मुठीवरची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर ठोकलेली सोन्याचांदीची तार, आणि पोलादातील लहरदार जौहर कायमचे पुसट होतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, लांबी, रुंदी व वजन नोंदवावे आणि 1863 मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील शस्त्रांशी ताडून पाहावे. तलवार जमिनीत पुरलेली सापडली असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, मूल्य 10 रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मूठ व पाते यांचा काळ वेगवेगळा लिहावा आणि पुरावा नसेल तेथे धारकाच्या रकान्यात ‘अज्ञात’ एवढेच नोंदवावे.