आंबणे म्हणजे काय?

आंबोळीचे पीठ रात्री झाकून ठेवले, तर सकाळी फुगून काठाशी येते. पहाटे उतरवलेली नीरा गोड लागते. ऊन चढले की तीच फेसाळते, आंबट होते, आणि पिणाऱ्याला चढते. मग तिला आपण ताडी म्हणतो. हे कोण करते?

हे काम डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव करतात. ताडीत आणि पावाच्या पिठात जो जीव असतो त्याला यीस्ट म्हणतात. आंबवण्याचे काम असे जिवंत जीवच करतात, हे फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. नीरेच्या मडक्याला आतून चुना लावतात, तो का? चुन्यामुळे या जिवांचे फारसे चालत नाही, आणि नीरा गोड राहते.

साखर हे यीस्टचे अन्न. साखर खाऊन ते दोन गोष्टी बाहेर टाकते. एक मद्यार्क, म्हणजे नशा आणणारा अंश. दुसरा एक वायू. एक किलो साखर पुरती आंबली, तर सुमारे अर्धा किलो मद्यार्क होतो आणि जवळजवळ तेवढाच वायू. बूच घट्ट बसवलेली बाटली फुटते ती या वायूने. तो हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत किंवा खड्ड्यात तो साचला, तर माणूस गुदमरून मरतो.

मोहाच्या फुलांत साखर असते, म्हणून आपल्या पनवेल-उरण भागात मोहाची दारू जुनी. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने घरच्या भट्ट्या बंद पाडल्या, आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांचा धंदा वाढला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. झाड रानाचे, फूल झाडाचे, आणि हुकूम सरकारचा! आजही परवान्यावाचून दारू गाळणे गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा तसे सांगतो.

पण माणसे मरतात ती बहुधा आंबण्याने नव्हे. कारखान्यात लागणारे मेथिल अल्कोहोल स्वस्त मिळते म्हणून विकणारा ते दारूत मिसळतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. कोणी म्हणतो, "काडी लावून बघा, निळी जळली की माल चांगला." हे खोटे आहे. मेथिलही निळेच जळते. रंगाने किंवा वासानेही ते ओळखता येत नाही.

हे विष लगेच कळत नाही. आज प्यायले, तर कधी कधी उद्या त्रास सुरू होतो. पोट दुखते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. शरीरात त्याचे आम्ल बनते, आणि ते डोळ्यांची नस जाळते. अशा वेळी "उतरेल, झोपू दे" म्हणू नका. लिंबू-ताकाने हे विष उतरत नाही. १०८ ला फोन करून गाडी बोलवा आणि सरकारी दवाखाना गाठा. वेळेत गेल्यास डॉक्टरांकडे यावर औषध आहे. पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका. काय प्यायला, कधी प्यायला, ते सांगा. त्याच्याबरोबर आणखी कोण बसले होते तेही सांगा. ती माणसे अजून घरी झोपलेली असतील.