हिरव्या वनस्पती कीटक का पकडतात?

प्रश्न : कास पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती हिरव्या आहेत. मग त्यांना कीटकांची गरज का भासते?

उत्तर : कीटकभक्षी वनस्पतीही आपले अन्न इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणेच तयार करतात. हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते. त्या ऊर्जेच्या बळावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून शर्करा बनते व ऑक्सिजन बाहेर पडतो. मात्र प्रथिने आणि खुद्द हरितद्रव्य घडवण्यासाठी नायट्रोजनही लागतो. बहुतेक वनस्पती तो मुळांवाटे जमिनीतून घेतात.

कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अतिशय पातळ असतो आणि मुसळधार पाऊस त्यातील क्षार धुऊन नेतो. नायट्रोजन व फॉस्फरसची ही उणीव कीटक भरून काढतात.

दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट स्रावाचे थेंब चमकतात. त्यांत कीटक अडकला की आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात. विकरे त्याचे मऊ भाग विरघळवतात आणि पान त्यातील पोषकद्रव्ये शोषते. चार्ल्स डार्विनने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दवबिंदूच्या कुळावरील प्रयोगांचे सविस्तर वर्णन आहे.

सीतेच्या आसवांना खरी मुळे नसतात. ओल्या मातीतील त्यांच्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतले पाणी बाहेर टाकल्याने आतील दाब घटतो. दाराजवळच्या केसाला सूक्ष्मजीवाचा स्पर्श होताच झडप उघडते आणि तो पाण्यासह क्षणार्धात आत ओढला जातो.

थोडक्यात, या वनस्पतींना ऊर्जा मुख्यतः सूर्यप्रकाशातून मिळते. कीटक त्यांना खत पुरवतात.