चिठ्ठी निघाली म्हणे

परवा रात्री तू मला पाठवलंस, 'ताई, तुझी चिठ्ठी निघाली!' वर बागेश्वरच्या महाराजांचा फोटो. मी हसले गं, खरंच हसले. मग झोपच लागेना, म्हणून आज तुझ्याशी बोलते.

समोरच्याच्या मनातलं ते आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवतात म्हणे. २०२३ च्या जानेवारीत ते नागपूरला आले होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानवांनी आव्हान दिलं: आमच्या अटींवर दिव्यशक्ती सिद्ध करा, ३० लाख रुपये घ्या. वाद पेटला आणि मोबाईलवर चिठ्ठीचे मीम्स सुरू झाले. त्याआधी आपल्या गडचांदूरमध्ये हे नाव किती जणांना ठाऊक होतं, सांग बरं? थट्टा करता करता ते घराघरांत पोचलं. आता शेजारच्या काकू मला विचारतात, "त्यांना खरंच मनातलं कळते का वं?" आव्हान काय होतं, ते त्यांना माहीत नाही. चिठ्ठी तेवढी माहीत आहे. मला धास्ती वाटते ती याचीच. रोज ज्याच्यावर हसतो तो माणूस आपल्यातलाच वाटायला लागतो, आणि मग त्याला प्रश्न विचारायचं राहूनच जातं.

इंदुरीकर महाराजांचंही बघ. त्यांच्या कीर्तनातले तुकडे तुझ्या मैत्रिणी स्टेटसला ठेवतात, आणि त्यातली कितीतरी थट्टा मुलींचीच असते! २०२० च्या फेब्रुवारीत त्यांचं सम-विषम तारखेचं वाक्य गाजलं. अमुक तारखेला मुलगा, तमुक तारखेला मुलगी. पुढे त्यांनी पत्र काढून दिलगिरी व्यक्त केली. पण मुलगा की मुलगी हे तारखेवर नाही, बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, एवढी साधी गोष्ट मी पाहिलेल्या एकाही मीममध्ये नव्हती. उद्या तुझ्या सासूबाई कॅलेंडर घेऊन बसल्या तर त्यांना काय दाखवशील, तो विनोद?

गाडगेबाबाही कीर्तनात लोकांना हसवायचे. पण ते वऱ्हाडी बोलीत समोरच्यालाच प्रश्न विचारत, आणि उत्तर त्यालाच द्यावं लागे. देव, नवस, कर्ज, दारू, सगळ्यावर. रीलमध्ये आपल्याला कोण विचारतं? बोट वर सरकवलं की पुढचं सुरू.

तुकडोजी महाराजांच्या फोटोखाली रोज सकाळी एक सुविचार येतो ना, त्यातला एक मी आपल्या घरच्या ग्रामगीतेत शोधायला बसले. ४१ अध्याय चाळले. नाही सापडला. तरी आपल्या ग्रुपवर त्याला कितीजणांनी हात जोडले होते! एक मीही होते त्यात.

तू म्हणशील, ताई, एवढं काय त्यात? अगं, जिवती आपल्याहून किती लांब आहे? २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. पुरावा कुणीच मागितला नाही. ती बातमी आली त्या दिवशी मला घास गेला नव्हता.

रविवारी ये. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाऊ, तिथून आल्यावर ग्रामगीता काढू. मी वाचते. जिथे पटणार नाही तिथे मला थांबव आणि भांड.