परीक्षेचा लॅपटॉप: आधी स्वच्छ, मग बंदिस्त

परीक्षेसाठी लॅपटॉप सुरक्षित करणे म्हणजे तेवढ्या वेळापुरती त्याच्याकडून दोनच कामे करून घेणे: प्रश्नपत्रिका दाखवणे आणि उत्तरे जपून ठेवणे. कॉपी रोखण्याच्या भरात शाळांकडून दुसरे काम विसरले जाते. मग यंत्र असे जखडले जाते की अडचण आली तर विद्यार्थ्याला बाहेर पडता येत नाही आणि शिक्षकाला आत शिरता येत नाही. अनुभव असा, की शाळेतली डिजिटल चाचणी कॉपीमुळे कमी आणि अर्धवट तयारीमुळे जास्त फसते.

महाराष्ट्राला संगणकावरची परीक्षा नवी नाही. एमएस-सीआयटीची परीक्षा गावोगावच्या केंद्रांत होते. राज्य मंडळ बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची ८० गुणांची परीक्षा ऑनलाइन घेते. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर आली. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यानच्या चामटोलीसारख्या गावातल्या मुलालाही पुढे अशाच संगणकासमोर बसायचे असते. म्हणून शाळेची घटक चाचणी लॅपटॉपवर घेणे उपयोगाचे आहे. अडचण एवढीच, की शाळेचा लॅपटॉप एकट्या परीक्षेचा नसतो. त्यावर सकाळी ई-लर्निंगचे धडे चालतात, दुपारी यू-डायस प्लसची माहिती भरली जाते आणि कुणाचे तरी व्हॉट्सॲप वेब उघडेच राहिलेले असते.

अस्वच्छ यंत्राची किंमत मोठ्या परीक्षांनीही मोजली आहे. २८ नोव्हेंबर २००९ रोजी कॅट परीक्षा प्रथमच संगणकावर सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी अनेक केंद्रांत कोलमडली. कॉन्फिकर आणि निम्डा या व्हायरसांनी प्रयोगशाळांतील संगणक ग्रासल्याचे आयोजकांनी तेव्हा सांगितले. २०२१ च्या जेईई मेनमध्ये हरियाणातील सोनीपतच्या केंद्रातले संगणक दुरून ताब्यात घेऊन प्रश्न सोडवल्याचा आरोप झाला आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला. दोन्ही ठिकाणी वाट सापडली ती संगणकात आधीपासून असलेल्या किंवा आधी घुसवून ठेवलेल्या गोष्टींमुळे.

तयारीची सुरुवात साफसफाईने करावी. प्रत्येक लॅपटॉपवर क्रमांकाचा स्टिकर लावून त्याची वहीत नोंद ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर चालणारी यंत्रे वेगळी ओळखून ठेवावीत. परीक्षेसाठी स्वतंत्र, साधे खाते उघडावे. ॲडमिन अधिकार असलेले किंवा शिक्षकाचे रोजचे खाते मुलांना कधीही देऊ नये. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी दूरनियंत्रणाची साधने काढून टाकावीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि बाजूच्या पट्टीतले एआय मदतनीस बंद करावेत. व्हायरस तपासणी आदल्या आठवड्यात पुरी करावी. ती परीक्षेच्या तासालाच आपोआप सुरू होणार नाही, हेही पाहावे.

त्यानंतर घड्याळ. सुट्टीत कपाटात पडून राहिलेल्या जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपलेली असते आणि सुरू केल्यावर तो कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरते आणि पान उघडत नाही. शिक्षक वायफाय तपासत बसतात, खोट मात्र पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेत असते. तारीख दुरुस्त करून लॅपटॉप पुन्हा बंद-चालू करावा. ती टिकली नाही तर बॅटरी बदलून घ्यावी. विंडोजचे अपडेट आठवडाभर आधी पूर्ण करून मग थांबवून ठेवावेत. झाकण मिटल्यावर किंवा काही मिनिटे हात न लावल्यास लॅपटॉप झोपी जाण्याची सोयही परीक्षेपुरती बंद करावी.

एवढे झाल्यावरच कुलपाकडे वळावे. विंडोजमध्ये ‘टेक अ टेस्ट’ हे ॲप आहे. दिलेल्या एकाच पानाखेरीज त्यात काही उघडत नाही. अधिक नियंत्रण हवे असल्यास झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेला, मोफत मिळणारा सेफ एक्झाम ब्राउझर वापरावा. ऑनलाइन चाचण्या घेण्याच्या मूडल या प्रणालीच्या ३.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, या ब्राउझरची अट थेट चाचणीच्या सेटिंगमध्ये घालता येते. सर्व्हर ब्राउझरला दोन प्रकारच्या किल्ल्यांनी ओळखतो. ‘ब्राउझर एक्झाम की’ आवृत्ती आणि सेटिंग या दोन्हींवर अवलंबून असते. एका लॅपटॉपवर ब्राउझरची नवी आवृत्ती बसली तर तेवढाच बाहेर राहतो. ‘कॉन्फिग की’ फक्त सेटिंगवर ठरते. शाळेत सरमिसळ यंत्रे असतात, त्यामुळे दुसरीच सोयीची. सेटिंगची फाइल एकदाच बनवावी आणि तीच सर्वत्र टाकावी. बाहेर पडण्याचा पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा आणि तो फळ्यावर लिहू नये.

मराठी माध्यमाच्या शाळेत खरी कसोटी टंकलेखनाची. एरवी विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबून भाषा बदलता येते, पण बंदिस्त ब्राउझर विंडोज बटणच अडवतो. बहुपर्यायी प्रश्न सुरळीत जातात आणि पहिल्या दीर्घोत्तरी प्रश्नाला सगळा वर्ग इंग्रजी अक्षरांत अडकतो. यावर दोन उपाय आहेत: परीक्षेच्या खात्याची मूळ भाषा मराठी ठेवणे, किंवा सेटिंगमध्ये कीबोर्ड बदलण्याचे बटण तळपट्टीत दाखवणे. कीबोर्ड इनस्क्रिप्ट की फोनेटिक, हे मुलांच्या सवयीवरून ठरवावे. फोनवर उच्चारानुसार टाइप करणारे मूल इनस्क्रिप्टसमोर ‘क्ष’ शोधत बसते, आणि त्यात गेलेला वेळ त्याच्या गुणांतून वजा होतो. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच असावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइलीतून उचललेला प्रश्न पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो.

वीज आणि नेटवर्कची तजवीज बदलापूर-वांगणीच्या भागात अधिकच महत्त्वाची. पहिली घटक चाचणी भर पावसात येते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस याच चामटोलीजवळ अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवसांत इंटरनेटच्या भरवशावर राहण्यापेक्षा मूडल शाळेतल्याच एका संगणकावर बसवावे. मग बाहेरचे नेट गेले तरी चाचणी चालू राहते. तो संगणक आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत. मूडल उत्तरे साधारण दर मिनिटाला आपोआप साठवते. त्यामुळे लॅपटॉप बंद पडला तरी शेवटच्या मिनिटाचेच काम जाते, पण सर्व्हर चालू राहिला तरच. घरगुती राउटरवर सगळा वर्ग एकाच क्षणी लॉगिन करू लागला तर तो गुदमरतो. दहा-दहाच्या गटाने लॉगिन करू द्यावे. बॅटरी तासभर टिकत नसलेले लॅपटॉप प्लगजवळच्या बाकांवर ठेवावेत.

परीक्षेच्या दिवशी दोन तयार लॅपटॉप राखीव असावेत आणि प्रश्नपत्रिकेच्या छापील प्रती मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद असाव्यात. कोणता लॅपटॉप किती वाजता अडला आणि मुलाला किती जादा वेळ दिला, हे पर्यवेक्षकाने वहीत लिहावे. गुणांवरून तक्रार आली तर तीच नोंद उपयोगी पडते. परीक्षेनंतर खाते बंद करावे. मध्येच वीज गेलेल्या यंत्रावर टास्क मॅनेजर किंवा वापरकर्ता बदलण्याची सोय अडकून राहिली असल्यास सेफ एक्झाम ब्राउझरसोबत येणाऱ्या रीसेट साधनाने ती मोकळी करावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी यू-डायसचे काम अडते आणि दोष मुलांच्या माथी येतो.

या सगळ्याची परीक्षा आठवडाभर आधीच्या सराव चाचणीत व्हावी, आणि तीही शिक्षकाच्या खात्यावर नव्हे, विद्यार्थ्याच्या खात्यावर, त्याच खोलीत, तेवढ्याच मुलांसह. सरावात एकदा मुद्दाम वीज बंद करून पाहावी, एक मराठी परिच्छेद टाइप करवून घ्यावा आणि बाहेर पडण्याचा पासवर्ड खरोखर वापरून पाहावा. ज्या लॅपटॉपवर एका मुलाने तरी संपूर्ण सराव चाचणी दिलेली नाही, तो परीक्षेला ठेवू नये.