थप्पी रोखण्याआधी

लातूरच्या बाजार समितीत 2021 च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांच्या पुढे गेलं. नवा माल मोंढ्यावर यायला लागला तसा दसऱ्यापर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ज्यांना विकायची घाई नव्हती त्यांनी थप्प्या तशाच ठेवल्या, आणि 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये युक्रेनच्या युद्धाने जगभर खाद्यतेलं भडकली तेव्हा त्यांना 7,000 च्या वर भाव मिळाला. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या हंगामाबद्दल. 2022 च्या दिवाळीनंतर मोंढ्यावर साडेपाच हजारांच्या आसपास सौदे होत होते. हमीभाव 4,300 होता, म्हणजे विकायला वेळ काही वाईट नव्हती. तरी लातूर-नांदेड पट्ट्यात पुष्कळ माल घरातच राहिला, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सात हजार होते. उन्हाळा सरेपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास घुटमळला, पुढच्या हंगामात आणखी उतरला, आणि 2024 च्या दिवाळीला हमीभाव 4,892 असताना मोंढ्यावर चार हजारांच्या आसपास माल जात होता. एका चांगल्या वर्षाने शिकवलेला धडा पुढची दोन-तीन वर्षं महागात पडला. हा अनुभव कुणा एकट्याचा नसून सगळ्या बाजाराचा आहे, म्हणूनच त्याचा हिशोब मांडून ठेवायला हवा असं मला वाटतं.

माल रोखताना आपण एकमेकांना विचारतो, ‘भाव वाढेल का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. वाढण्याची शक्यता किती, वाढला तर किती वाढेल, नाही वाढला तर किती उतरेल, आणि तोवर थांबायला खर्च किती, असे चार प्रश्न त्यात दडलेले असतात आणि पहिल्याचं अर्धवट उत्तर मिळालं की बाकीचे तीन आपण सोडून देतो. खर्चापासून सुरुवात करू. समजा आज भाव 4,000 आहे आणि सहा महिने थांबायचं आहे. पैशाला वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर 240 रुपये झाले. ओलावा उडून, किडीने, उंदराने दोन टक्के घट धरली तर 80. गोदाम, हमाली, बारदाना मिळून 60. म्हणजे 380 रुपये भाव वाढला तेव्हा कुठे बरोबरी होते. 4,300 ला विकणारा ‘तीनशे सुटले’ म्हणतो, पण त्याने क्विंटलमागे 80 रुपये गमावलेले असतात. आता शक्यता बघा. समजा दहा हंगामांत थांबल्यामुळे तीनदा भाव 800 ने वाढला, चारदा जागेवर राहिला आणि तीनदा 500 ने पडला. वाढीचे 2,400 आणि पडण्याचे 1,500, म्हणजे दहा हंगामांत 900, एका हंगामाला सरासरी 90 रुपये. त्यातून 380 वजा केले की दर हंगामाला 290 रुपयांचा तोटा. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकाने आपल्या विक्रीच्या पट्ट्या आणि बाजार समितीच्या नोंदी काढून स्वतःचे घालावेत. मुद्दा एवढाच की अशा दहा हंगामांतले ते तीन 800 माणसाला जन्मभर आठवतात. जागेवर राहिलेल्या चार हंगामांत गेलेलं व्याज कुणी आठवत नाही, कारण ते कधी एकरकमी हातातून जात नाही.

आपल्या पिकांच्या बाबतीत याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच सरासरीत दिसत नाही. सोयाबीन आणि तुरीच्या भावाचं वरचं टोक कापलेलं असतं, खालचं मोकळं असतं. 2021 च्या ऑगस्टात भाव चढलेला असताना केंद्राने 12 लाख टन जनुकीय सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. ऑक्टोबरात तेलबियांवर साठ्याची मर्यादा आली. 20 डिसेंबरला सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले आणि ती बंदी पुढे वाढत गेली. तुरीचंही तेच. 2023 च्या जूनमध्ये तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा लागली, घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, आणि तुरीची आयात तर 2021 मध्येच खुली झाली होती. शहरातल्या ताटातली डाळ महागली की सरकार हलतं, आणि कुठलंही सरकार असतं तरी हललं असतं. उलट्या बाजूला काय घडतं ते 2017 ने दाखवलं. 2015 च्या दिवाळीत तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, त्या भावाकडे बघून सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि देशाचं तुरीचं उत्पादन सुमारे 26 लाख टनांवरून एका वर्षात जवळपास 49 लाख टनांवर गेलं. हमीभाव बोनससह 5,050 होता, मोंढ्यावर तो मिळत नव्हता आणि खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या. सरकारने खरेदी केली नाही असं मी म्हणत नाही. ऑगस्टात आयातीवर बंधनंही घातली, पण तोवर गरजवंताचा माल विकून झाला होता. हमीभावाच्या जमिनीला भोकं असतात: बारदाना संपतो, नोंदणी अडते, ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या नोव्हेंबरात ओल्या सोयाबीनमुळे ही मर्यादा 15 टक्क्यांवर न्यावी लागली, यावरूनच आधी किती माल परत जात असेल ते कळतं.

यावर मोंढ्यावरचा ठरलेला आक्षेप असा की भाव दिल्लीत ठरतो, मग तुमच्या शक्यतेच्या हिशोबाला अर्थ काय? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. कुठला आदेश कुठल्या तारखेला निघेल हे सांगता येत नाही, पण चढत्या भावात आदेश निघण्याची शक्यता पडत्या भावापेक्षा बरीच जास्त आहे, हे गेल्या दहा वर्षांच्या नोंदींवरून सांगता येतं. विमा कंपनीला तरी कुठल्या घराला आग लागेल हे कुठे माहीत असतं? ज्याला दिल्लीची भीती वाटते त्याने ती भीती हिशोबात घालावी. दहा हजारांच्या आशेचं वजन कमी करावं आणि चार हजारांच्या भीतीचं वाढवावं. तसं केल्यावरही थांबणं परवडत असेल तर खुशाल थांबावं.

दुसरी चूक नमुन्याची. ‘यंदा आपल्याकडे पीक गेलं, आता भाव वाढणारच’ हे वाक्य दर ओल्या किंवा कोरड्या दुष्काळात ऐकू येतं. औशाच्या शिवारात शेंगा काळ्या पडल्या म्हणून मध्य प्रदेशातल्या पडत नाहीत, आणि दोन्हीकडे पडल्या तरी पेंडेचा बाजार ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पिकाकडे बघत असतो. भारताचं सगळं सोयाबीन सव्वा कोटी टनांच्या आसपास, आणि एकट्या ब्राझीलचं पंधरा कोटींच्या वर. लहान तुकड्यावरून मोठा अंदाज बांधण्यातला धोका एका मराठी माणसाने जगाला दाखवून दिलेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत घडवताना सिद्ध केलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन वास्तवापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेवरची झाडं आत मोजली जातात. पीक विम्याची भरपाई आजही बऱ्याच अंशी कापणी प्रयोगांवर ठरते. आपलं शिवार हाही असाच एक लहान तुकडा आहे. फरक इतकाच की आपण त्याच्या कडेला उभे नसून मधोमध उभे असतो, त्यामुळे आपल्याला त्यापलीकडचं काही दिसत नाही.

समजा हे सगळं केलं आणि सरासरी फायद्याची निघाली. तरी उडी मारू नये, आणि या ठिकाणी डाळ मिलवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका हंगामात 50 टक्के नफा आणि दुसऱ्यात 50 टक्के तोटा, याची सरासरी शून्य. पण 100 चे 150 होतात आणि 150 चे 75. पाव भांडवल गेलेलं असतं आणि सरासरी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. यात बँकेचा पैसा असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. स्वतःचे 25 आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचे 75 लावून तूर भरली आणि भाव 25 टक्क्यांनी उतरला, तर बँकेचं काहीच गेलेलं नसतं, मिलवाल्याचं सगळं गेलेलं असतं. असा उतार दुर्मिळही नाही. 2024 च्या मध्याला तूर 11,000 च्या पुढे होती आणि 2025 उजाडल्यावर नव्या आवकेत साडेसात हजारांच्या हमीभावाच्या आसपास आणि त्याखालीही आली. ज्याचं भांडवल एकदा संपलं त्याला पुढच्या तेजीचा काही उपयोग नाही, कारण तेव्हा तो बाजारात नसतो. म्हणून सरासरीच्या आधी खालचं टोक बघावं: आजवरच्या सर्वांत वाईट हंगामाहून थोडा आणखी वाईट हंगाम आला तर मिल चालू राहील का? राहणार नसेल तर सौदा कितीही गोड असो, तो अर्ध्यावर आणावा.

हीच गोष्ट कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जास्त लपून बसते. समजा 200 शेतकऱ्यांकडे प्रत्येकी 20,000 प्रमाणे 40 लाख बाकी आहे आणि आजवर सरासरी 10 टक्के बुडालं आहे. दुकानदार म्हणतो, चार लाख धरून चला, ते नफ्यातून निघतात. पण 10 टक्क्यांची सरासरी दोन तऱ्हांनी येते. दर वर्षी चार-चार लाख बुडून येते, तशीच नऊ वर्षं दोन-दोन लाख आणि दहाव्या वर्षी एकदम 22 लाख बुडूनही येते. मराठवाड्यात ती दुसऱ्या तऱ्हेने येते, कारण ते 200 शेतकरी एकाच आभाळाखाली आहेत. नाण्याच्या 200 वेगळ्या फेकी असाव्यात तसे ते नाहीत, ती एकच फेक 200 वहीपानांवर लिहिलेली आहे. 2014 आणि 2015 हे लागोपाठ दुष्काळी गेले आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 2025 च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरात जवळपास सगळ्या मराठवाड्यात उभं पीक पाण्यात गेलं. गिऱ्हाईकं वाढवून हा धोका कमी होत नाही, वेगळ्या पाण्यावरची गिऱ्हाईकं मिळवून होतो. ईसापूरच्या कालव्यावर भिजणारी अर्धापूरची केळी, दुधाचा धंदा, पगारदार घरं, यांची वसुली कोरडवाहू सोयाबीनबरोबर एकाच दिवशी थांबत नाही. आणि दर चांगल्या वर्षी दोन लाखच बुडाले तर उरलेले दोन नफा समजून खर्च करू नयेत. ते दहाव्या वर्षाचे आहेत.

जुने आडते म्हणतील, चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे ही कागदावरची बेरीज काय सांगणार? त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा सांगणारी माणसं मोंढ्यावर आहेत आणि यंत्र त्यांच्याशी सहसा सहमत होतं. पण दाण्याचा अंदाज चुकला तर काटा त्याच क्षणी सांगतो, म्हणून तो हात तयार होतो. भावाचा अंदाज चुकल्याचं सहा महिन्यांनी कळतं, तोवर आपण काय म्हणालो होतो तेच आठवत नाही. यावर उपाय साधा आहे. हंगामाच्या सुरुवातीला वहीत तारीख टाकून लिहावं: मार्चअखेर भाव 4,400 च्या वर जाईल, खात्री 70 टक्के. अशी दहा भाकितं जमली की मोजावं. सात खरी ठरली असतील तर त्या माणसाच्या 70 टक्क्यांवर पैसा लावावा. चारच ठरली असतील तर पुढच्या वेळी त्याची 70 टक्के खात्री 40 धरावी. पंधरा-वीस हंगामांच्या नोंदी थोड्याच आहेत आणि पुढचं जग मागच्यासारखं नसेल, हाही आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच की अंदाजाची रुंदी आणखी वाढवावी. नोंदी फेकून आठवणीवर चालावं असं त्यातून निघत नाही, कारण आठवणीत तर विसातले दोनच हंगाम उरलेले असतात.

सर्वांत जड आक्षेप शेतकऱ्याचा आहे. त्याला निवड असते कुठे? दिवाळीला दुकानदाराची बाकी, पोरांची फी, रब्बीचं बियाणं. थांबायचं की नाही हे त्याच्यासाठी गरज ठरवते, शक्यता नाही. हे मला मान्य आहे. थोडी सवड मिळावी म्हणून राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990 पासून आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिने, 6 टक्के व्याजाने. वर मांडलेला 240 रुपयांचा व्याजाचा बोजा इथे खूपच हलका होतो. 4,000 च्या मालावर 3,000 कर्ज आणि सहा महिन्यांचं व्याज 90 रुपये. मात्र एक ध्यानात घ्यावं. तारण ठेवणं म्हणजे माल रोखणंच आहे, म्हणून वरचा सगळा हिशोब त्यालाही लागू आहे. गरजेपुरता माल लगेच विकावा, दुसरा वाटा तारण ठेवावा आणि तो कुठल्या भावाला नक्की सोडायचा ते आजच पावतीच्या मागे लिहून ठेवावं. वरचा भाव लिहावा आणि खालचाही. वरचा सगळेच लिहितात. खालचा लिहिताना हात अडतो, तेव्हा योजनेतल्या त्या 75 टक्क्यांकडे बघावं: पैसे देणाऱ्याने भाव पाव हिश्शाने पडू शकतो हे धरूनच आपला आकडा बांधलेला आहे.